सुतळीनं बांधलेला पिंजरा

बदनापुरात आमची न् शेजारच्या भाऊंची भिंत एकच. ते जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या गोदामावर कामाला. उंदराला ते कधी उंदीर म्हणत नाहीत. नाव घेतलं की ते ऐकतात आणि मुद्दाम कपडे कुरतडतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दारात येऊन खालच्या आवाजात मागतात, "वहिनी, ते लाकडाचं द्या ना जरा. पाहुणे लई झाले." मी पिंजरा देते.

त्यांच्या लेकीनं मात्र दोन पांढरे उंदीर हौसेनं पाळले होते. तिच्यावर ओरडत हाच माणूस त्यांच्यासाठी काकडी चिरायचा. पुढं ते उंदीर मेले आणि लेकही नोकरीला पुण्याला गेली. घरात हे एकटेच उरले.

यंदा नेलेला पिंजरा परत येईना, आणि माझ्या डाळीच्या डब्यांमागं खुडबुड वाढलेली. चिडून मीच गेले. पिंजरा ओट्याखाली होता. आत ताज्या भाकरीचा तुकडा आणि काकडीची चकती, पण झडप सुतळीनं वर बांधून ठेवलेली.

"भाऊ, अशानं कोण सापडणार?"

त्यांनी नजर चुकवली. "सापडाया न्हाई ठेवला, वहिनी. एकटं जेवाया बसलं की घर लई गप वाटतं. मंग तिथं कोणी खाऊन राह्यलं, की बरं वाटतं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मीही आवाज खाली आणला. "काकडी खातात का पाहुणे?"

"न्हाई. ती रोज तशीच राहती," ते म्हणाले. "पण चिरतो."