मामा धाकटा, भाचा थोरला

पहिलं बाळंतपण माहेरी, या रिवाजाप्रमाणे मी सातव्या महिन्यात मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला आले. तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ती दोन्ही वर्षं मी गिरगावातल्या चाळीत, एका खोलीत, माहेरच्या आठवणी काढत घालवली होती. बोटीत उलट्या होऊन जीव अर्धा झाला होता. पण आता तीन-चार महिने आई मला पाटावर बसवून जेवू घालणार, डोक्याला तेल चोळणार, एवढ्या एका विचारावर मी तग धरून होते.

बोटीवरून धक्क्याला आणणाऱ्या पडावातून उतरले तर धक्क्यावर आबा एकटेच. माझ्या वडिलांचं बाजारपेठेत दुकान होतं. दोर, खिळे, डांबर, कंदील असं होडीवाल्यांना लागणारं सामान ते विकत. माणूस शिस्तीचा, पण अबोल नव्हे. त्या दिवशी मात्र बैलगाडीत बसल्यापासून ते नुसते बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहिले.

"आई बरी आहे ना?" मी विचारलं.

"बरी आहे."

"मग बंदरावर नाही आली ती?"

"घरी गेलीस की कळेल," एवढं बोलून त्यांनी गाडीवानाशी बैलांच्या चाऱ्याचा विषय काढला.

घरी पोचेपर्यंत माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी होती. पदर अंगभर लपेटलेला, पण पदराने लपावं असं ते राहिलं नव्हतं. मी तिच्या पोटाकडे बघितलं, तिने माझ्या पोटाकडे बघितलं.

आई म्हणाली, "आत ये गो आता. दोघींनाही फार वेळ उभं राहवायचं नाही."

मला हसू यायला हवं होतं. आलं रडू. पायरीवर बसून मी म्हटलं, "पत्रात एका शब्दाने कळवलं नाहीस."

"काय कळवू? आणि लिहिणार कोण? मला लिहिता येत नाही. तुझ्या आबांना सांगितलं, तर ते दोन दिवस टाक बुडवून बसले आणि 'इकडे सर्व क्षेम' एवढंच लिहून पाकीट चिकटवलंनी."

आईला अजून चाळिशी लागली नव्हती. पण त्या काळी वय वर्षांनी मोजत नसत. जावई आला की बाई म्हातारी. मग तिने देवाधर्माचं बघावं, नातवंडांच्या दुपट्यांना टाके घालावेत. माझ्या पाठचे दोन भाऊ शाळेत जात होते, त्यानंतर दहा वर्षं घरात पाळणा हलला नव्हता. आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवालाही कुठे जायचं टाळलं होतं. विहिरीवर ती भर दुपारी जायची, म्हणजे कोणी भेटू नये. आबासुद्धा संध्याकाळी दुकानाच्या फळीवर गप्पा मारत बसायचे, ते आताशा थेट घरी येत.

हा सगळा अवघडलेपणा आमच्या सुईणीने मोडून काढला. म्हातारी बाई, मला जन्माला घालताना तीच होती. आम्हा दोघींना एका चटईवर बसवून तिने आधी आईचं पोट चाचपलं, मग माझं, आणि आनंदाने मांडीवर थाप मारली.

"बरं झालं. एका घरात दोन पोरं, माझी एक खेप वाचली. लेक आधी आटपेल. शिमगा झाला की तुझं, मग पाडवा झाला की हिचं." आणि आईचा पडलेला चेहरा बघून म्हणाली, "अगो, लाजतेस काय? झाडाला कोणी विचारतं का, गेल्या साली फळलास तर औंदा कशाला?"

तिचं भाकीत बरोबर आलं. शिमग्याची पालखी घरी येऊन गेली आणि त्याच आठवड्यात मला मुलगा झाला. आई अवघडलेली असूनही पहाटे उठून माझ्यासाठी पाणी तापवायची, मऊ आटवल भात करायची, त्यावर तूप सोडायची. पाडव्यानंतर एके दिवशी मला वाढता वाढता ती मटकन बसली आणि म्हणाली, "सुईणीला बोलाव. आणि तुझं ताट तू घे." संध्याकाळी मला भाऊ झाला.

सुईणीने त्याला दुपट्यात गुंडाळून माझ्या मुलाशेजारी ठेवला. "भाचेबुवा, जरा सरका," ती म्हणाली, "मामा आले."

तेव्हापासून तो मामाच. बारशाला नाव ठेवलं, पण ते कागदापुरतंच. आबा त्याला मामा म्हणत, आई मामा म्हणे, आळीतली म्हातारी माणसंसुद्धा पाळण्यात वाकून "काय मामा, झोप झाली का?" असं विचारत. माझ्या मुलाला साहजिकच सगळे भाचा म्हणू लागले.

माझं बाळंतपण आईने अर्धं केलं आणि आईचं मी पुरं केलं. एवढे दिवस आई म्हणजे करणारी, आणि मी म्हणजे करून घेणारी. आता मी तिच्या डोक्याला तेल चोळत होते. तिचे केस मागे कानाजवळ पांढरे झालेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"तुझ्या वेळी मला भ्यायचं कशाला तेच कळत नव्हतं," एके दुपारी ती डोळे मिटून म्हणाली. "सतरा वर्षांची होते. बाहुली मिळणार असं वाटलं होतं. या खेपेला मात्र सगळं ठाऊक होतं, म्हणून भीती वाटली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं पहिलंच. तुला कशाला घाबरवू? आता सांगितलं. आता तू माझ्याच पंगतीत बसलीस."

मी दोन महिन्यांनी मुंबईला परतायची होते, पण एकामागून एक काही ना काही निघालं आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद झाल्या. नारळी पौर्णिमेपर्यंत मी अडकले. यजमानांनी पत्रात त्रागा केला, मग खानावळ लावली.

आषाढात आईला हिवताप आला. चांगला आठवडाभर ती थंडीने कुडकुडत पडली होती, आणि तिचं दूध आटलं. मामा रडून रडून निळा झाला. गाईचं दूध पाजलं तर त्याने ओकून टाकलं. मी आपल्या मुलाला पाजत बसले होते. आई अंथरुणातून बघत होती. अखेर भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "तुझ्या भावाला घेशील का जरा?"

मी त्याला घेतलं. पहिल्या दिवशी मला फार चमत्कारिक वाटलं. तिसऱ्या दिवशी काहीच वाटेनासं झालं. दोन मांड्यांवर दोघे असत आणि एकमेकांना लाथा मारत दूध पीत. आई बरी झाली तरी मामा आधी माझ्याकडेच हात पसरायचा. आई हसून म्हणायची, "घे, तुझा धाकटा मुलगा आला." मी म्हणायची, "मुलगा नव्हे, धाकटा भाऊ." मग कोण कोणाचं काय लागतं यावर आम्ही हसत सुटायचो, इतक्या की आबा ओटीवरून खाकरायचे.

दोघे एकाच चटईवर वाढत होते, त्यामुळे तुलना टाळू म्हटलं तरी टळत नव्हती. भाचा आधी पालथा पडला, आधी बसला. मी ते आळीभर सांगून आले. मामाला पालथं घातलं की तो तसाच गाल टेकून चटईची काडी बघत राहायचा. पुढे मी दर उन्हाळ्यात यायची तेव्हाही तेच. भाचा वर्षाच्या आत चालला. मामा रांगलाच नाही. बसल्या बसल्या एक पाय ओढत सारवलेल्या जमिनीवरून सरकत जायचा, आणि सरकण्यात इतका पटाईत की मांजर त्याच्यापुढे पळायचं. भाचा दीड वर्षाचा असताना बडबड करी, मामा अडीच वर्षांचा झाला तरी मुका. मला काळजी वाटू लागली. आपण पाजलं त्यात तर काही कमी पडलं नाही ना, असंसुद्धा मनात येई. शेजारणी म्हणायच्या, उतारवयातलं मूल, असंच व्हायचं. कोणी वेखंड उगाळून चाटवायला सांगितलं, कोणी पोपटाचं उष्टं फळ द्यायला सांगितलं.

आई सगळं ऐकून घ्यायची आणि काहीच करायची नाही. "ऐकतो ना सगळं? बोलावलं की वळतो ना? मग आत साठवतोय," एवढंच म्हणायची. माझ्या वेळी तिने काय काय चाटवलं होतं ते मला माहीत होतं. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या वेळी मी पोर होते. जो जे सांगेल ते करायची."

मामा बोलला तो तिसऱ्या उन्हाळ्यात, मी घरी असताना, आणि तोही दुकानात. आबा त्याला रोज सकाळी खांद्यावर घेऊन दुकानात नेत आणि दोरांच्या गुंडाळीच्या मध्ये बसवत. एकदा आबा मागे डांबराचं पिंप उघडत असताना एका होडीचा म्होरक्या, तांडेल, आला आणि त्याने जाड दोर मागितला. मामाने त्याच्याकडे नीट बघितलं आणि आबांच्याच सुरात सांगितलं, "माल बोटीवर आहे. उद्या या."

तांडेल खरंच परत गेला. आबा पिंप तसंच टाकून घरी आले, दुकान उघडं ठेवून. आईला म्हणाले, "मामा बोलला." आई भाजी चिरत होती. "काय म्हणाला?" "गिऱ्हाईक घालवलंन." इतक्या खुशीत आबांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मामा जो बोलायला लागला तो आजतागायत थांबलेला नाही.

त्याच सुट्टीत एक गोष्ट माझ्या मनाला लागली होती, ती मी आबांना विचारली. मामाला ते खांद्यावर घेत, भाच्याला पाठीवर. त्यांच्यापुढे घोडा होत. मला किंवा माझ्या पाठच्या भावांना त्यांनी कधी उचलून घेतल्याचं मला आठवत नव्हतं. ते ओटीवर मामाला आंब्याची फोड भरवत होते.

"आबा, आम्हाला तुम्ही कधी असं भरवलंत?"

त्यांनी फोडीचा दोरा काढला, मामाच्या तोंडात फोड दिली, मग म्हणाले, "नाही."

"का?"

"तुझे आजोबा इथेच बसायचे. मी आता बसलोय ना, या जागी. बापासमोर आपलं पोर उचलायचं नाही, अशी तेव्हा रीत. माणूस बायलट दिसतो म्हणायचे. एकदा तू पडलीस, हनुवटी फुटली. मी उठलो, आणि वडिलांनी नुसतं बघितलं, तसा खाली बसलो." मामाची हनुवटी पुसून ते म्हणाले, "आता मला कोण बघणार? ओटीवर मीच म्हातारा."

हनुवटीची ती खूण माझ्या अजून आहे, पण पडल्याचं मला काही आठवत नव्हतं. त्यांना आठवत होतं. त्यांनी दुसरा आंबा चिरला आणि एक फोड माझ्याही हातात ठेवली. तीन वर्षांच्या मुलाची आई असून मी ती मामाच्या शेजारी बसून खाल्ली.

भाचा सहा-सात वर्षांचा झाला तेव्हा चाळीच्या हवेत त्याला सारखा खोकला होऊ लागला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून तो रत्नागिरीलाच आजीजवळ राहायला गेला आणि मामाच्याच वर्गात बसला. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "हा तुझा कोण?" भाचा म्हणाला, "मामा." वर्ग हसला. मास्तरांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी छडी उचलली. तेव्हा मामा उठून म्हणाला, "गुरुजी, मी खरंच मामा आहे. हा माझ्या ताईचा मुलगा आहे आणि मला सोडून याला मारलंत तर ती मला रागावेल." मास्तरांनी छडी खाली ठेवली आणि आबांच्या दुकानात जाऊन खात्री करून घेतली.

आणि गंमत अशी की आता सगळं उलटं झालं. आधी चाललेला, आधी बोललेला भाचा शाळेत मंद चालायचा. एकेक अक्षर घोटून काढायचा, गणित सोडवायला बसला की जेवण विसरायचा, पण सोडवल्याशिवाय उठायचा नाही. मामा पाढे म्हणत उड्या मारत पुढे जायचा आणि निम्मे चुकवायचा. मला चिंता वाटून मी आईला पत्र लिहिलं. एव्हाना माझ्या भावांनी तिला अक्षरं शिकवली होती. तिने स्वतःच्या हाताने, मोठ्या वाकड्या अक्षरांत उत्तर लिहिलं: "दोघेही जेवतात. दोघेही भांडतात. काळजी नसावी." चाळिशी ओलांडलेल्या माझ्या आईचं ते मला आलेलं पहिलं पत्र. मुलाची काळजी विसरून मी ते शेजारणींना वाचून दाखवलं.

दोघे चौदाव्या वर्षात गेले त्या मे महिन्यात मी घरी होते. दोघांचे आवाज फुटले होते, दोघांनाही आपले हातपाय कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. मामा भाच्यापेक्षा वीतभर उंच झाला होता आणि आता रस्त्यात आपल्याला मामा म्हणायचं नाही, असा त्याने हुकूम काढला होता. भाचा मान डोलवायचा आणि भर बाजारात हाक मारायचा, "मामा, थांब." आई पन्नाशीच्या आसपास होती. चाळिशीच्या आत जी विहिरीवर जायला लाजत होती, ती आता दोन उंच पोरांना दोन बाजूंना घेऊन देवळात जायची, आणि कोणी विचारलं तर न विचारलेलंही सांगायची.

आबांची नजर तोवर अधू झाली होती. दुकान मधल्या भावाने घेतलं होतं. दुपारी ते ओटीवर पडत आणि दोघांपैकी एकजण त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. मामा झरझर वाचायचा, मधे मधे आपलं मत घालायचा, एखादी बातमी आवडली नाही तर बदलूनही टाकायचा. भाचा एकेक शब्द नीट, संथ, खालच्या सुरात वाचायचा.

मी आबांना विचारलं, "दोघांत चांगलं कोण वाचतो?"

"मामा," आबा लगेच म्हणाले. "जगात काय चाललंय ते मामाकडून कळतं." मग डोळ्यांवर उपरणं ओढत म्हणाले, "पण आता भाच्याला पाठव. झोप त्याच्या वाचण्यानेच चांगली लागते."