कंट्रोलचं हिरवं लुगडं

मी लग्न होऊन बोरीत आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. चावडीवरचा कागद असो की तहसिलीचा हुकूम, सगळं उर्दूत. आम्हा बायकांना त्यातलं 'हाजिर' आणि 'मंजूर' एवढंच कळायचं. मग कुठंतरी दूर लढाई पेटली आणि बाजारातून एकेक वस्तू गायब व्हायला लागली. टंचाई आली ती मात्र इंग्रजी बोलत आली. कंट्रोल, कोटा, परमिट, रेशन. आमच्या शेजारच्या धुरपताबाईंनी तर या पाहुण्यांना थेट चुलीपुढं नेऊन बसवलं.

मी त्यांना मामी म्हणायची. उंच बाई, खणखणीत आवाज. त्यांच्या नवऱ्यानं, भुजंगमामांनी, तंबाखूची चंची मागितली की त्या म्हणायच्या, "आजचा कोटा सरला." पोरांनी गुळाच्या डब्यात हात घातला की, "रेशन हाय, एकच खडा!" मी माहेरी निघाले की दारातूनच विचारायच्या, "सासूचं परमिट काढलं का गं?" माझी सासू आतून ऐकत असायची आणि मला घाम फुटायचा. मामी जाऊन किती वर्षं झाली, पण अजून कुणी दुकानात 'कोटा संपला' म्हणालं की मला त्यांचाच आवाज ऐकू येतो.

कंट्रोलचं, म्हणजे सरकारी भावानं मोजून मिळणारं कापड किशनरावाच्या दुकानी यायचं. घरं जास्त, लुगडी कमी. बायकांची झोंबाझोंबी पाहून तो वैतागला आणि आमच्या आळीचा गठ्ठा आळीतच आणून टाकायला लागला. "तुमचं तुमी वाटून घ्या, मला भांडणात घेऊ नका," म्हणाला.

वाटायची रीत आमच्याकडे होतीच, सामायिक आंब्याच्या झाडाची. आंब्यांचे वाटे मांडायचे. एकीनं पाठ करून उभं राहायचं आणि दुसरीनं एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "ह्यो वाटा कुणाचा?" पाठमोरीनं नाव घेतलं की वाटा त्या घराचा. आणि तिनं स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी घ्यायचं. लुगड्यांनाही तीच रीत लावली. पाठमोऱ्या मामी आणि हात ठेवणारी मी.

अशात एका साली त्यांच्या लेकीचं, दैवशालाचं लग्न ठरलं. नवरीला नवं लुगडं हवं. मुलाकडच्यांच्या गावीही कापड नव्हतं, त्यांनी हात वर केले. परमिटासाठी जिंतूरच्या तहसिलीत खेटे घालून भुजंगमामा रिकामे परतले. आता आशा होती ती गठ्ठ्याची.

गठ्ठा चटईवर सुटला. त्यात एकच हिरवं, बाकी सगळी मळकट पांढरी जाडीभरडी. मला राहवलं नाही. "मामी, या खेपेला पयलं तुमीच उचला. कोण न्हाई म्हणायलंय?"

"माझ्यासाठी रीत मोडली, तर उद्या तुज्यासाठी कोण पाळंल?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी मुद्दाम हिरवं मागं ठेवत गेले. पण शेवटी तेवढंच उरलं तेव्हा नावं दोन उरली होती. एक मामींचं. मी त्यावर हात ठेवून विचारलं, "ह्यो वाटा कुणाचा?" मामी भिंतीकडं बघतच म्हणाल्या,

"बायनाबाईचा."

बायनाबाई आळीच्या टोकाला राहायची. नवरा मानवतच्या कापसाच्या जिनिंगवर हमाली करायचा आणि हिच्या अंगावर लुगड्यापेक्षा ठिगळंच जास्त. मामी वळल्या, रिकाम्या चटईकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "कोटा सरला." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

हळदीच्या दिवशी बायनाबाई स्वतः ते लुगडं घेऊन आली. "अक्का, लग्नापुरतं दैवशालाला नेसू द्या. मग माझं मला द्या." मामी नको नको म्हणत राहिल्या. तिनं ते पोरीच्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेली.

लग्न लागलं. पंगतीत वाढता वाढता मामींनी विचारलं, "बायना कुठं दिसंना?" मी बोलवायला गेले, तर दार आतून लावलेलं.

"आत नका येऊ, पार्वतीबाई," ती आतून म्हणाली. "जुनं लुगडं सकाळीच टरकलं, पार चिंध्या झाल्या. पोतं गुंडाळून बसलेय. अक्काला सांगू नका."

माझ्या जिभेवर कंट्रोल कधीच नव्हता. मी तडक जाऊन सांगितलं.

मामींनी दैवशालाला आत नेलं. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं आणि ताटाशेजारी घडी केलेलं हिरवं लुगडं. नवरीच्या अंगावरचं उतरवू नये म्हणून म्हाताऱ्या कुजबुजल्या. "तिचं हाय, तिला द्यायलेय," एवढंच मामी म्हणाल्या.

बायनाबाईच्या दाराशी त्यांनी ताट आणि लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आणि दाराकडं पाठ करून उभ्या राहिल्या. आधी मला कळेना. मग कळलं. मी लुगड्यावर हात ठेवला.

"ह्यो वाटा कुणाचा?"

"बायनाबाईचा."

दार किलकिलं झालं आणि एक हात बाहेर आला. मामींनी मागं वळून पाहिलं नाही.

दैवशाला आईच्या जुन्या धुवट लुगड्यात सासरी गेली. पाठवणीला सगळ्यांच्या पुढं हिरव्या लुगड्यातली बायनाबाई होती, आणि पोरीच्या आईपेक्षा तीच जास्त रडत होती.