मेलेल्यांची गाणी आणि रंगोजीची छाप

गाणी करणाऱ्याच्या घरी गाणी कमी आणि किस्से जास्त साठतात. गाणं एकदा गायलं की लोक घेऊन जातात. किस्सा मात्र उंदरासारखा घरातच राहतो आणि त्याला पिल्लं होतात! मी बारा वर्षं रंगोजी शाहिराच्या मागं उभा राहून तुणतुणं वाजवलं. माझ्याकडं किती साठले असतील, तुम्हीच बघा.

रंगोजी अकोल्याच्या जुन्या शहरातला. त्याचं काम एकच, मेलेल्यांवर गाणी करणं. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडं आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा बांधल्या. मग त्यांना आठवलं, अरे, बाप मेला तेव्हा साधं गाणंसुद्धा केलं नाही! झालं. दहा-दहा वर्षांपूर्वी गेलेल्या बापांवर गाणी निघाली. रंगोजीला जेवायला उसंत नाही.

पण दुसऱ्यांच्या बापांवर गाणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एक दुखणं होतं. त्याचं सगळ्यात चांगलं गाणं त्याच्या नावावर नव्हतं. शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो, त्याला आम्ही छाप म्हणतो. छाप ज्याची, गाणं त्याचं. रंगोजी आणि अमरावतीचा लालखाँ एकाच उस्तादाचे चेले. उस्ताद गेले तेव्हा त्यांना पोचवून दोघं नदीवरून एकाच बैलगाडीत परतले. वाटेत रंगोजी काहीतरी गुणगुणत होता म्हणे. तेरवीला लालखाँ आधी उभा राहिला आणि गायला. शेवट असा होता:

"डफ राहिला खुंटीवरती, लालखाँ म्हणे, हात कुठं ठेवू?"

सगळी पंगत रडली. रंगोजीही रडला, पण वेगळ्या कारणानं! "गानं माह्यं, छाप त्याची!" हे तो त्या दिवसापासून सांगत सुटला. कोणी मानलं नाही. खरं सांगतो, मीसुद्धा नाही.

* * *

एका गावच्या पाटलांना ताप आला. त्यांनी रंगोजीला बोलावून सांगितलं, "माह्यं गानं मले जित्तेपनी ऐकव. मंग लोकं काय गातीन, काय भरोसा?"

रंगोजीनं केलं. रुंद खांद्याचा, शांत डोळ्यांचा, मान खाली घालून गावाचा भार ओढणारा, असे पाटील! ते ऐकून पाटील इतके खूश झाले की चौथ्या दिवशी ताप उतरला.

पुढच्याच महिन्यात त्यांचा लाडका बैल पवळ्या मेला. पाटलांनी पुन्हा आम्हाला बोलावलं. रंगोजीला विचार करायलाही वेळ नव्हता. त्यानं तेच गाणं घेतलं, पाटलांचं नाव काढलं आणि पवळ्याचं घातलं. दुसरा एक शब्द बदलावा लागला नाही!

गाणं संपल्यावर पाटलीणबाई आतून म्हणाल्या, "यायच्यासाठी आता दुसरं करजा बावा. हे पवळ्यालेच जास्त शोभते."

* * *

आमचा ढोलकीवाला गेला. घरचाच माणूस तो, म्हणून रंगोजीनं जीव ओतून गाणं केलं. पण ढोलकी वाजवायची कोणी? शेवटी अमरावतीहून एक नवा गडी आणला.

या गड्याची बोटं अशी पळायला लागली की शोक करायला बसलेले लोक माना डोलवू लागले. एकानं तर "वाहवा!" केलं. मेलेल्याचा सख्खा भाऊ होता तो! रंगोजी डोळे मिटून गात होता:

"असा ढोलकीवाला पुन्हा होणे नाही..."

ढोलकी थांबली. नव्या गड्यानं मान वर केली आणि विचारलं, "मंग मी काय करून राहिलो, उस्ताद?"

* * *

आगगाडी अकोल्याला आली तेव्हा रंगोजी इंजिन बघून घरी आला आणि दोन दिवस शब्द जुळवत बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं गाडीवानांवर गाणं केलं. गाडीवान संपला, बैल संपला, रस्ता ओस पडला! भर बाजारात गायला. ज्यांच्यावर गाणं होतं ते तिथंच कापसाच्या गाड्या घेऊन स्टेशनाकडं निघाले होते. गर्दी एवढी की गाडीला गाडी घासत होती.

एका गाडीवानानं बैल हाकायची पराणी उचलली. "कावून बे? आमी मेलो, हे आमालेच सांगाले आला काय?"

त्या दिवशी रंगोजी या वयात किती पळू शकतो, हे आम्हाला कळलं.

* * *

कौंडण्यपूरच्या जत्रेत आमचा आणि लालखाँचा असे दोन्ही फड समोरासमोर आले. लालखाँनं मुद्दाम उस्तादावरचं ते गाणं काढलं. छापेची ओळ आली आणि रंगोजी डफ टाकून उभा राहिला. "चोर! माह्या घरातून गानं चोरलं यानं!"

लालखाँ पानाची पिंक टाकून शांतपणे म्हणाला, "रंगोजी, चोराले बी घरात काई सापडावं लागते!"

सगळी जत्रा हसली. परतीच्या वाटेवर रंगोजी मला म्हणाला, "नारायना, लोकाच्या बापायवर शंभर गानी केली. एक बी आठवत नाई. ते एकच गानं होतं माह्यं." मला त्याची कीव आली. मी तुणतुण्याची तार पिळत बसलो.

* * *

लढाई संपली, कापसाचा भाव पडला आणि दोन-तीन वर्षांत रंगोजीही अंथरुणाला खिळला. बायको चंद्राबाई उशाशी बसलेली. मला म्हणाला, "मी मेल्यावर लालखाँले दारात उभं नको करू. तो माह्यावर गाईन आन् खाली आपली छाप मारीन! माह्यं मरन बी त्याच्या नावावर जाईन!"

मी हातावर हात मारून वचन दिलं.

रंगोजी गेला. त्याच्या तेरवीला लालखाँ आगगाडीनं आला. एकटाच. फड नाही, मागून ओळ उचलणारे झीलकरी नाहीत, काखेत फक्त डफ. मी दार अडवलं.

"रंगोजीनं मना केलं आहे."

"मले ठाऊक आहे. बारा वर्सं तो मले मनाच करून राहिला."

चंद्राबाई आतून ओरडली, "येऊ दे, नारायना! नवरा माहा मेला, तुहा नाई."

लालखाँ मांडवात उभा राहिला. आम्हाला वाटलं, नवं गाणं असेल. त्यानं डफावर थाप मारली आणि उस्तादावरचंच जुनं गाणं सुरू केलं. आमच्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एक जण मला म्हणाला, "तेरवीत बी सोडत नाई हा मानूस!" मी रागानं तुणतुणं खाली ठेवलं.

कडव्यामागून कडवं गेलं. छापेची ओळ आली. ती सगळ्या वऱ्हाडाला पाठ होती. आमच्या झीलकऱ्यांनी सवयीनं तोंडं उघडलीसुद्धा. लालखाँनं डफ छातीशी धरला.

"डफ राहिला खुंटीवरती, रंगोजी म्हणे, हात कुठं ठेवू?"

झीलकऱ्यांची तोंडं तशीच उघडी राहिली. कोणी ओळ उचलली नाही. लालखाँनं डफ खाली ठेवला आणि चपला शोधायला लागला.

चंद्राबाई दारात आली होती. तिनं पदर सावरला.

"आखीन एकडाव म्हना, भाऊ."

लालखाँनं डफ पुन्हा उचलला.