मामूंची तब्येत

आमच्याकडे मयताची बातमी फोनवर कुणी सरळ सांगत नाही. आधी ‘तब्येत बरी नाही’, मग ‘जरा सीरियस आहे’, आणि ऐकणाऱ्याचं मन तयार झालं की खरं काय ते. जुन्नर काय, घोडेगाव काय, हिंदू काय, मुसलमान काय, सगळ्यांची रीत हीच.

मामू गेले तेव्हा अम्मीने तेच केलं. तिची धाकटी बहीण, माझी खाला, लग्न होऊन कराचीला गेलेली. दोघी जुन्नरात शेजारच्या शेतकऱ्यांच्या पोरींबरोबर वाढल्या, म्हणून फोनवर अजून मराठीच बोलतात. व्हिसा मिळून खाला येईल ही आशा नव्हतीच. दफनविधी उरकल्यावर अम्मी तिला म्हणाली, “भाऊची तब्येत लई बिघडलीया. तयारीत राहा. बाकीचं शुक्रवारी सांगते.”

शुक्रवार उजाडायच्या आधी साध्या कपड्यातले दोघे पोलीस घरी आले. चपला बाहेर काढल्या, चहा घेतला. त्यातल्या थोरल्याने विचारलं, “मावशी, माणूस गेल्यावर तब्येत बिघडली म्हनून का सांगितलं? तयारी कशाची? बाकीचं काय व्हतं?”

अम्मीने रीत सांगितली. त्याला ती ठाऊक होती, तो घोडेगावजवळच्या शिनोलीचाच. आजी वारली तेव्हा त्यालाही असंच बोलावून घेतलेलं. “मला पटतंय वो,” तो म्हणाला, “पन वर बसलेल्यांना कसं पटनार? चौकशी मिटस्तवर आधीच्या बोलन्याच्या उलट काय बोलू नका.”

मी जुन्नरच्या कोर्टात वकिली करते. विचारलं, “फोन ऐकायचा आदेश कुठल्या न्यायाधीशांचा?”

“म्याडम, तुमी तर वकील. ह्यात न्यायाधीश नसत्यात. गृहसचिवांची सही असती.”

माहीत होतं. ती सही योग्य होती का हे बघायला समिती असते, आणि समितीतही सचिवच बसतात. डिंगोऱ्यात विहिरीवरची मोटर चोरणाऱ्यालासुद्धा चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं. माझ्या आईचा आवाज कुणासमोर उभा करायची गरज नाही. मला संताप यायला हवा होता. मी कपबशा उचलल्या आणि विसळत बसले.

अम्मीचा मात्र कोर्टावर भारी विश्वास. आळेफाट्यावरची अब्बांची दुकानाची जागा कोर्टानेच परत मिळवून दिली होती. ती म्हणाली, “जजसाहेबांकडनं लिहून आन, खरं बोलायला हरकत न्हाई म्हनून. मग सांगते तिला.”

“मी सांगते ना खालाला.”

“सख्ख्या भावाचं मरन बहिणीला बहिणीनंच सांगायचं. तू मधी पडू नगंस.”

तिच्यापुढे माझं काही चालत नाही. एरवी अशिलांना शहाणपण शिकवणारी मी, घरात तिचंच ऐकते. मुंबईला उच्च न्यायालयात अर्ज केला. सरकारी वकील म्हणाले, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, फोन ऐकायचा आदेश आहे की नाही हेही सांगता येणार नाही. पुढची तारीख पडली. मग त्याच्या पुढची. प्रत्येक वेळी अम्मी विचारते, “जज काय म्हनले?” मी म्हणते, “अजून काही नाही.” ती मान हलवते आणि भाजी निवडायला घेते. आता तर विचारतानाही तिचा चेहरा बदलत नाही. माझाही बदलत नसावा.

खालाचा फोन शुक्रवारी नमाजनंतर येतो. तिने भावासाठी रोजे धरलेत.

“कसा हाय गं भाऊ?”

“तसाच हाय.”

“जेवतो का?”

“थोडं थोडं.”

त्या फोनवर तिघं असतात. मामू गेले हे त्यातल्या दोघांना ठाऊक आहे.