मागच्या चाकातला हिसका

त्या हिवाळ्यात घोलवडच्या वाड्यांमधून पिकत्या चिकूंचा जडसर गोड वास रस्त्यावर उतरलेला असे, आणि त्या वासातून मी आणि माझी पत्नी सुलभा जुन्या मोटारसायकलवरून तलासरीकडे निघालेलो असू. २०१८ सरत आले होते. तलासरीच्या अलीकडे एका पाड्यावर सुलभाचे वडील एकटेच राहत, आणि तिथली जमीन अधूनमधून हादरू लागली होती. भिंतीला तडा गेल्यापासून बाबा अंगणात ताडपत्रीखाली निजत. आमचे घर चिखल्याला, समुद्राजवळ. तिथवर ते हादरे पोहोचलेच तर अगदी पुसट होऊन पोहोचत. आमच्याकडे चला, म्हणून आम्ही पुनःपुन्हा विनवत होतो आणि बाबा दर वेळी शेळ्यांचे निमित्त सांगत होते.

अशाच एका दुपारी चढावर मी वेग कमी करून पुन्हा वाढवला आणि मागून हिसका बसला. सुलभाने माझा खांदा घट्ट धरला.

"थांबवा गाडी. जमीन हलली."

थांबलो. ताडांचे झाप निश्चल होते, कापलेल्या खाचरात एक म्हैस मान वर न करता चरत होती. हा गाडीचाच दोष असणार असे मी म्हणालो खरा, पण मलाही खात्री नव्हती. भय एकदा अंगात उतरले की धक्का बाहेरून आला की आतून, हे शरीराला सांगता येत नाही. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत ती मागे बसून जमिनीकडे कान लावी आणि मी चाकाकडे.

शेवटी एका सुट्टीच्या सकाळी सुरूच्या झाडांच्या विरळ सावलीत मी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली. साखळी सैल लोंबत होती. ती ताणून घेतली, किनाऱ्याच्या रस्त्यावर फेरी मारली; हिसका होता तसाच. जे डोळ्यांना दिसते तिथेच दोष असावा, अशी आपली भाबडी इच्छा असते. मग चाक हाताने सावकाश फिरवत राहिलो. साखळी एका जागी ताठ होई, दुसरीकडे पुन्हा झुले. मागच्या दातेरी चकतीवरून ती बोटाने ओढली तर दातांपासून सहज उचलली जाई, आणि ते दातही झिजून एका बाजूला कलले होते. पण तेवढ्याने तो हिसका उलगडेना. सुलभाला टायर घट्ट धरायला सांगून मी ती चकती पुढेमागे हलवली. ती हलली.

"चाक तर मी धरलंय," ती म्हणाली. "मग हे कशाने हलतंय?"

चाक उतरवले तेव्हा कळले. इंजिनाची ओढ सोसून घेण्यासाठी आत जे रबरी तुकडे बसवलेले असतात, त्यांचा काळा भुगा झाला होता. बेअरिंगही खिळखिळे झाले होते; टायर वरखाली धरून हलवला की चाक किंचित डुलायचे. डहाणूतल्या गॅरेजात सारे नवे बसवून घेतले.

पुढच्या फेरीत गाडी अगदी सुरळीत चालली. सुलभा मात्र खांदा सोडत नव्हती. पाड्यावर पोहोचलो, इंजिन बंद केले, आणि अंगणात पाऊल टाकतो तोच घरातली भांडी किणकिणली. तळपायाखालून काहीतरी सरकत गेले. आता दोष ढकलायला गाडी उरली नव्हती. सुलभाने आत जाऊन वडिलांचे कपडे पिशवीत भरले.

"शेळ्यांजवळ मी राहते," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही जा यांच्याबरोबर."

तिचा स्वर असा होता की ते गाडीवर माझ्यामागे बसले, आणि मीही तिला सोबत येण्याचा आग्रह करू शकलो नाही.

चिखल्याला सूर्य समुद्रात उतरेपर्यंत बाबा ओट्यावर बसून होते. वाळत्या बोंबलांचा वास वाऱ्याबरोबर येत होता. सुलभाचा फोन लागत नव्हता. जेवताना त्यांनी डावा तळहात जमिनीवर टेकवून ठेवला होता. मला वाटले, आधारासाठी.

"इथं कायच कळत नाय," ते हळूच म्हणाले. "तिकडं हललं का नाय, पोर उठून बाहेर आली का नाय."

उजाडता उजाडता ते पिशवी घेऊन दारात उभे होते, आणि किल्ली माझ्या हातात आधीच होती. वाटेत कुठेही हिसका नाही, खडखड नाही. त्या निर्वेध गतीचा मला इतका जाच होईल असे वाटले नव्हते. पाड्यावर सुलभा चूल पेटवत होती. पहाटे थोडे हलले, असे तिने पाऊस पडून गेल्याचे सांगावे तसे सांगितले. ते ऐकून बाबांचा चेहरा सैलावला आणि ते तिच्याशेजारी उकिडवे बसले.

मला कामावर पोहोचायचे होते. तरी मी गेलो नाही. तिथेच मातीवर बसून राहिलो, चहा निवेपर्यंत, आणि त्यानंतरही.