एका पुस्तकात दोन खुणा

गल्लीत तिला सगळे ‘दातवाली’ म्हणत. कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. दिवसभर मेणात एकेक दात बसवायचा, हिरडी कोरायची, घासून गुळगुळीत करायची. संध्याकाळी घरी आली की केसांतसुद्धा प्लास्टरची भुकटी.

घरात नवरा आणि सासरे. लेक शिकायला परगावी गेली, तेव्हा तिचं एक पुस्तक टेबलावर राहिलं होतं. मोठ्या मुलांसाठी लिहिलेली ऐतिहासिक रहस्यकथा. राजवाड्यात खजिनदाराचा खून होतो आणि चौदा वर्षांची एक दासी खुन्याच्या मागावर निघते. दातवालीने सहज म्हणून पहिलं पान उघडलं आणि भाजी करपली.

दोन-तीन दिवसांनी पुस्तकात तिला भलतीच खूण सापडली. तिची खूण म्हणजे बसचं तिकीट. ही होती औषधाच्या खोक्याची फाडलेली कड, आणि तिच्या तिकिटाच्या बरीच पुढे! सासरे म्हणजे अबोल माणूस. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. “वाढू का?” “वाढ.” दोघांचं दिवसभराचं बोलणं एवढंच.

“बाबा, तुम्ही वाचताय हे?”

“चाळतोय जरा.”

“चाळताय? तळघरापर्यंत पोचलात की!”

“तू अजून तळघरात नाही गेलीस?” म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. “मग जा बाई, लवकर जा!”

झालं, शर्यतच लागली. एकदा ती पुस्तक कारखान्यात घेऊन गेली, तर दुपारी तिथे फोन. “पुस्तक तू पळवलंस ना? मी काय भिंतीकडे बघत बसू?”

गोष्टीत खजिनदाराच्या प्रेताशेजारी एक अर्धवट खाल्लेलं पेअर पडलेलं होतं. त्यावरच्या दातांच्या खुणांत पुढच्या एका दाताची जागा रिकामी. दातवालीला तर हर्षवायू व्हायचा बाकी होता. ती पोळ्या लाटता लाटता ओरडायची, “बाबा, राजमाता! म्हातारीच आहे ती!” बाहेरून आवाज यायचा, “छट्! प्रधान!”

एका संध्याकाळी ती घरी आली तर बाबांनी स्वतः चहा टाकलेला. चेहरा अगदी कोरा.

“संपलं? कसा आहे शेवट?”

“वाच.”

“चांगलाय?”

“वाच म्हटलं ना.”

तिने पर्स खांद्यावरून न उतरवता, ओट्यापाशी उभ्यानेच शेवटचं प्रकरण वाचलं. बाबा दारात घुटमळत होते. पुस्तक संपायला तीन पानं उरली असताना खजिनदाराचा जुळा भाऊ नावेतून उतरला आणि कोणी न विचारताच म्हणाला, खून मी केला. दासी नुसती बघत राहिली. पेअरचं नावही नाही.

“हे काय?” तिने पानं चिकटलीत का ते पाहिलं, पुस्तक उलटं करून झटकलं. “जुळा भाऊ? इतके दिवस कुठे तडमडला होता मेला?”

बाबा इतके हसले, की तिनेच बनवून दिलेली त्यांची कवळी सुटायच्या बेतात आली.

“तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत!”

“मी एकट्यानेच का म्हणून खड्ड्यात पडायचं?”

मग खरी मजा सुरू झाली. ती हट्टाने म्हणाली, राजमाताच खुनी हवी होती. बाबांनी भराभर पानं उलटून दाखवलं, “हे बघ, म्हातारीला लापशी भरवतात. एकही दात नाही तिच्या तोंडात!” मग तिने प्रधानाला निकालात काढलं, कारण त्या रात्री तो लढाईवर होता. “मग वैद्य!” “आणि त्याचा लंगडा पाय? राजवाड्याची भिंत कसा चढला तो?” दोघंही हमरीतुमरीवर आले. नवरा कामावरून आला, तर चूल थंड आणि आरडाओरडा सुरू. तो घाबरून म्हणाला, “कोण गेलं?”

“खजिनदार!” दोघं एकदम ओरडले.

त्या दिवशी तिघांनी ब्रेड-आम्लेट खाल्लं. शनिवारी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुनेबरोबर वाचनालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी काय हवं विचारलं, तर त्यांनी घसा खाकरून सांगितलं, “खुनाचं काहीतरी द्या. पण खुनी पहिल्या पानापासून घरात हवा.”