कड्यावरचे संमतिपत्र

कळंबच्या तहसील कचेरीसमोर बसून मी गेली बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि संगणक आल्यावरही माझ्या हातचा अर्ज साहेब चष्मा पुसून वाचतात, हे अवघ्या कचेरीस ठाऊक आहे. त्याच उजव्या हाताला गेल्या उन्हाळ्यात कंप सुटला. समोर अर्जदार बसला की अक्षर वाकडे होई. डॉक्टरांनी तपासून सांगितले की रोग काही नाही, मनावर ताण आहे; जरा रानावनात हिंडा. हात गेला तर बैठकही गेली, या भयाने माझे अन्नावरून मन उडाले.

माझी मुलगी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तिच्या सहकाऱ्यांनी येडशीच्या रानातील कड्यावरून दोराने उतरण्याचे ठरविले, तेव्हा तिने माझेही नाव परस्पर घातले. कड्यापाशी आयोजकांनी हाती दिलेले संमतिपत्र दोनच ओळींचे होते. मला ते फारच अपुरे वाटले. मी सर्वांसाठी नवा मसुदा सांगितला आणि मुलीने लिहून घेतला: दोर तुटल्यास, पाय निसटल्यास, मस्तकास मार लागल्यास अथवा प्राण गेल्यास माझे वारस कोणतीही तक्रार करणार नाहीत. तो वाचून दोन गुरुजी तिथूनच माघारी गेले.

कड्याच्या काठावर दरीकडे पाठ करून उभा राहिलो, तेव्हा त्यातील प्रत्येक कलम मला क्रमाने आठवू लागले. कमरेला पट्टे आवळले होते. दोर उजव्या हाताने थोडा थोडा सोडायचा, असे शिकविणाऱ्याने बजावले. म्हणजे ज्या हाताचा मला भरवसा उरला नव्हता, त्याच्याच मुठीत माझा जीव होता.

निम्म्यावर पाय घसरला. खांदा खडकावर आपटला आणि मी लोंबकळू लागलो.

"मला वर घे," मी वर काठावर उभ्या मुलीला ओरडून म्हणालो.

"वर न्हाय येता येत, आप्पा. पाय दगडाला टेकवा आणि हात ढिला करा."

"आणि दोर तुटला तर?"

"ते तर तुम्हीच लिहून दिलंय की."

मला तिचा राग आला. त्या रागातच पाय टेकवले आणि वीत वीत दोर सोडू लागलो. हात कापत होता की नव्हता, हे पाहण्यास सवडच नव्हती.

खाली पोहोचलो तर सर्वांगाला कापरे भरले होते. शेजारी बसलेल्या गणिताच्या सरांना पाण्याच्या बाटलीचे झाकण उघडेना. सुखरूप उतरल्याच्या सह्या घेण्यास आयोजकांची वही आली. माझी सही वाकडी आली, पण ती मी कोणापासून झाकली नाही.

दुसऱ्या दिवशी एका म्हातारीचा शेतरस्त्याचा अर्ज लिहिताना अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत सरळ गेले. तिथे हात थरथरला. एरवी मी खोकल्याचे निमित्त केले असते. त्या दिवशी म्हणालो, "बाई, जरा थांबा, हात कापतोय." ती थांबली. थोड्या वेळाने ओळ पुरी झाली.

संध्याकाळी मुलीला विचारले, पुन्हा कधी जायचे? म्हटले, संमतिपत्र मात्र आयोजकांचेच असू दे.